दिल्ली बघायची तर जुनीकडून नवीकडे: चार दिवसांचा पक्का क्रम

दिल्लीहून परतलेल्या कुणालाही विचारा, काय काय पाहिलं? लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, हुमायूनचा मकबरा ही यादी घडाघडा येते. मग विचारा, यातलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं? तिथे गाडी अडते. एका दिवसात दिल्ली दाखवणाऱ्या बस रस्त्याच्या सोयीने फिरतात. सकाळी विसावं शतक, अकरा वाजता बारावं, जेवण झालं की सतरावं. अशाने कुणाच्याच डोक्यात काही राहत नाही.

माझी पहिली दिल्ली अशीच वाया गेली. एका दिवसात सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा तास. घरी येऊन फोटो लावायला बसलो तर कुठला घुमट कुणाच्या कबरीवरचा, हे सांगता येईना. नंतरच्या फेऱ्यांत क्रम बदलला आणि तीच ठिकाणं एकमेकांशी बोलायला लागली. तो क्रम इथे देतो आहे.

सूत्र सोपं आहे. सगळ्यात जुनी दिल्ली दक्षिणेला, मेहरौलीच्या खडकाळ टेकाडावर. पुढची बरीचशी शहरं यमुनेच्या बाजूने उत्तरेकडे सरकत गेली, ती शाहजहानच्या शहरापर्यंत. इंग्रजांची नवी दिल्ली या दोन टोकांच्या मधल्या जागेत बसली. म्हणून आपणही दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं आणि शेवटी मध्यावर यायचं.

## १. घरूनच एक पान लिहून न्या

जाड पुस्तक नको. एका पानावर ही सालं हाताने लिहा, कारण लिहिलेलं लक्षात राहतं. ११९२, तराईच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराज चौहानांचा पराभव. १२०६, सल्तनतीची सुरुवात. १३२७, मुहम्मद तुघलक राजधानी आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवतो. १३९८, तैमूरची स्वारी. १४५१, लोदी गादीवर. १५२६, बाबर. १५५६, हुमायूनचा मृत्यू. १६३९, लाल किल्ल्याचा पाया. १७३९, नादिरशहा. १७६१, पानिपत. १८०३, दिल्ली मराठ्यांकडून इंग्रजांकडे. १८५७. १९११, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा. १९३१, नव्या दिल्लीचं उद्घाटन. १९४७.

हे पान खिशात ठेवायचं. कुठल्याही वास्तूसमोर उभं राहिलात की आधी पान काढून तिची जागा कुठल्या दोन सालांच्या मध्ये येते ते बघायचं, मग कॅमेरा. एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

तपासणी: पान न बघता किमान आठ सालं क्रमाने सांगता येतात का? नसतील तर रेल्वेच्या प्रवासात भरपूर वेळ आहे.

## २. वार आणि महिना जुळवा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय आणि गांधी स्मृतीसुद्धा सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणारी मंडळी नेमकी शेवटच्या दिवशी किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यासमोर जाऊन परत फिरतात. कुतुब परिसर आणि हुमायूनचा मकबरा मात्र रोज उघडे असतात, तेव्हा सोमवारी यांपैकी काहीतरी ठेवा. सोमवारीच दिल्लीत पोचत असाल तर हा क्रम आपोआप जुळतो.

जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे शुक्रवारची दुपार टाळा. चांदनी चौकात रविवारी बरीच दुकानं बंद असतात. खरेदी करायची असेल तर हा तोटा. दुकानांच्या वरच्या जुन्या सज्जांकडे आणि हवेल्यांच्या दर्शनी भिंतींकडे बघायचं असेल तर रविवारसारखा दिवस नाही.

महिना निवडता येत असेल तर फेब्रुवारी-मार्च. मे-जूनच्या उन्हात तुघलकाबादच्या दगडांवर चालणं धोक्याचं आहे, आणि दिवाळीनंतरच्या धुरात घशाची वाट लागते. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात.

इशारा: २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या तयारीसाठी कर्तव्य पथावर वारंवार अडवाअडवी होते. १५ ऑगस्टच्या आधीही सुरक्षेसाठी लाल किल्ला लोकांसाठी बंद ठेवतात. या दोन तारखांच्या आसपास जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्या.

पुरातत्त्व खात्याची तिकिटं ऑनलाइन काढा. रोखीपेक्षा थोडी स्वस्त पडतात आणि रांग वाचते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

## ३. मुक्काम मेट्रोच्या आधाराने ठरवा

यलो किंवा व्हायोलेट लाइनवरच्या स्टेशनापासून चालत पोचता येईल असं हॉटेल बघा. या दोन लाइन मिळून आपला जवळजवळ सगळा प्रवास होतो.

पण स्टेशनच्या नावावर विसंबू नका. कुतुबमिनार स्टेशनला उतरून मिनार समोर दिसेल असं समजू नका, तिथून पुढे ऑटो किंवा ई-रिक्षा करावी लागते. तुघलकाबाद स्टेशनचं तर विचारूच नका. ते मथुरा रोडच्या बाजूला आहे आणि किल्ला तिथून बराच लांब. नाव वाचून उतरलेले लोक पुढे ऑटोवाल्याशी घासाघीस करत बसतात. याउलट लाल किला आणि जामा मस्जिद ही स्टेशनं खरोखरच त्या त्या ठिकाणाला लागून आहेत.

## ४. पहिला दिवस: मेहरौली आणि तुघलकाबाद

सकाळी लवकर कुतुब परिसरात पोचा. आत शिरताच सगळे मिनाराकडे धावतात आणि माना वर करून फोटो काढतात. तुम्ही मिनाराला तूर्तास पाठ द्या आणि शेजारच्या मशिदीच्या अंगणात जा.

पहिल्यांदा ओवऱ्यांचे खांब बघा. साखळीला लटकलेल्या घंटा, पानाफुलांच्या वेली, काही ठिकाणी छिन्नीने पुसलेले चेहरे. सत्तावीस देवळांचे दगड इथे वापरल्याचं पूर्वेच्या दरवाज्यावरच्या शिलालेखातच म्हटलं आहे. एकाच रांगेतले दोन खांब बहुतेक वेळा सारखे नसतात, आणि उंची जुळावी म्हणून एकावर दुसऱ्या खांबाचा तुकडा चढवलेला दिसतो. अंगणातला लोहस्तंभ या मशिदीहून सात-आठ शतकं जुना. ७.२ मीटर उंच, वजन सहा टनांहून जास्त, आणि अंगावर चंद्र नावाच्या राजाची ब्राह्मी अक्षरं. हा गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता स्तंभामागच्या उंच कमानींच्या भिंतीसमोर उभे राहा आणि मधल्या कमानीचे दगड नीट बघा. ते आडव्या थरांत रचलेले आहेत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला, आणि वर दोन्ही बाजू एकमेकींना भेटतात. म्हणजे आकार कमानीचा आणि काम आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतासारखं. मालकाला कमान हवी होती आणि इथल्या पाथरवटांनी ती स्वतःला येणाऱ्या पद्धतीने करून दिली. दोघांची गाठ पडल्याचा तो क्षण दगडात आहे तसा राहिला आहे.

हे डोळ्यांत साठवून मग सुलतान अल्तमशच्या कबरीकडे जा. छप्पर नाही, पण चौकोनी खोलीच्या कोपऱ्यांत आडव्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन कसा केला आहे ते दिसतं. त्यानंतर दक्षिणेला अलाई दरवाजा, अलाउद्दीन खलजीने १३११ मध्ये बांधलेला. इथल्या कमानीचे दगड पाचरीसारखे घडवून एकमेकांत अडकवलेले आहेत. ही खरी कमान. शंभर-सव्वाशे वर्षांत कारागिरांच्या हातात काय आलं, ते या दोन कमानींमध्ये आहे.

आणि आता मिनार. ७२.५ मीटर, पाच मजले. पहिला मजला सल्तनतीचा पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक याचा, पुढचे अल्तमशचे. वीज पडल्यावर फिरोजशहा तुघलकाने १३६८ च्या सुमारास वरचा भाग नव्याने बांधला. खालचे तीन मजले लाल दगडाचे आहेत आणि वरच्या दोनांत पांढरा संगमरवर दिसतो, त्यामुळे जोड कुठे आहे ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. खालच्या मजल्यावरच्या उभ्या धारा एक गोल, एक टोकदार अशा आलटून पालटून आहेत. दुसऱ्यावर सगळ्या गोल, तिसऱ्यावर सगळ्या टोकदार. आत चढायला १९८१ च्या अपघातापासून बंदी आहे. कुणी ‘वर सोडतो’ म्हणालं तर लक्ष देऊ नका.

तपासणी: बाहेर पडण्याआधी सोबतच्या माणसाला दोन कमानींतला फरक बोटाने दाखवून सांगता येतो का? येत नसेल तर परत जा. पुढचे तीन दिवस याच नजरेवर उभे आहेत.

जवळच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात सुलतान बल्बनची पडझड झालेली कबर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरची. भारतातली सगळ्यात जुनी खरी कमान म्हणून हिचंच नाव घेतात. तिथे फारसं कुणी नसतं, तासभर शांतपणे द्या.

दुपारी ऑटोने तुघलकाबाद. गियासुद्दीन तुघलकाने १३२१ नंतर चार-पाच वर्षांत उभारलेला आणि लवकरच ओस पडलेला किल्ला. इथे नक्षी शोधू नका. आतल्या बाजूला कललेल्या जाडजूड भिंती बघा, आणि मग रस्ता ओलांडून त्याच्या कबरीकडे जा. तिच्याही भिंती तशाच कललेल्या. कबर असून ती छोट्या गढीसारखी बांधली आहे.

इशारा: किल्ल्यात सावली नाही, माकडं आहेत आणि संध्याकाळी सामसूम असते. पाणी सोबत न्या आणि ऊन उतरण्याआधी बाहेर पडा. परतीच्या ऑटोची सोय आधीच करून ठेवा.

## ५. दुसरा दिवस: लोदी बाग, पुराना किला, हुमायून

हा दिवस नेमका उलटा केला जातो. सकाळी हुमायूनचा मकबरा, मग जमलं तर बाकीचं. त्याने सगळी मजा जाते.

सकाळी जोरबाग स्टेशनला उतरून लोदी बागेत जा. प्रवेश मोफत आहे. मुहम्मदशहा सय्यदची १४४४ ची आठ कोनांची कबर बघा. भोवती कमानींची ओवरी, वर बसका घुमट आणि त्याच्याभोवती छोट्या छत्र्या. मग बडा गुंबद, शीश गुंबद, आणि उत्तरेला सिकंदर लोदीची १५१७ ची कबर. कबर तीच, अष्टकोनी. फक्त भोवती भिंत आणि बाग आली. ही भिंत लक्षात ठेवा.

तिथून पुराना किला. हुमायूनने दीनपनाह नावाने वसवायला घेतला, शेरशहाने त्याला पळवून लावून पुढे बांधला. शेरशहाची १५४१ ची किला-ए-कुहना मशीद बघून शेर मंडल या दोन मजली अष्टकोनी इमारतीपाशी या. गादी परत मिळवून वर्षही झालं नव्हतं. जानेवारी १५५६ मध्ये याच इमारतीच्या जिन्यावरून हुमायून पडला आणि त्यातच गेला.

आणि त्याच दुपारी, तीनच्या सुमारास, त्याच्या मकबऱ्याला जायचं. जिथे पडला तिथून जिथे पुरला तिथपर्यंत, एकाच दिवसात. प्रवेश पश्चिमेकडून आहे, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन थेट दर्शनी भागावर येतं. पण आत शिरल्याबरोबर सरळ जाऊ नका, उजवीकडे वळा. शेरशहाच्या दरबारातला सरदार इसा खान याची १५४७ ची कबर. सकाळी पाहिलेल्या मुहम्मदशहाच्या कबरीची ही जणू जुळी बहीण. शंभर वर्षं दिल्ली एकाच नमुन्यावर कबरी बांधत होती.

आता पुढचा दरवाजा ओलांडा. १५६० च्या दशकात काम सुरू झालेला मकबरा समोर येतो तेव्हा पोटात गलबलतं, कारण काय तुटलं आणि काय नवं आलं ते तुम्हाला कळलेलं असतं. उंच चौथरा, चार भागांची बाग, लाल दगडात पांढऱ्या संगमरवराच्या रेघा, दुहेरी घुमट. अकबराची आई हमीदा नव्हे, थोरली राणी बेगा बेगम हिने तो बांधवला. गाइडसुद्धा इथे नाव चुकतात.

थोडा वेळ चौथऱ्यावर बसा. सप्टेंबर १८५७ मध्ये बहादूरशहा जफर इथेच आश्रयाला आला होता आणि इथूनच त्याला पकडून नेलं. खिशातलं पान काढून दोन्ही सालं बघा.

## ६. तिसरा दिवस: शाहजहानाबाद

लाल किला स्टेशन, सकाळी उघडण्याच्या वेळेला. पाया १६३९, शाहजहानचा प्रवेश १६४८.

लोक छत्ता चौकाच्या बाजारात खरेदी करतात, दिवाण-ए-आम या आम दरबाराच्या इमारतीसमोर फोटो काढतात आणि दमून बाहेर पडतात. खरी जागा त्याच्या मागे आहे, पूर्वेच्या कडेला. तिथे आधी यमुना भिंतीला लागून वाहायची. आता खाली रिंग रोड आहे. दिवाण-ए-खास, म्हणजे खास दरबाराच्या दालनाच्या दाराशी उभे राहून छताकडे बघा. या छताला चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तो उतरवून त्याची नाणी पाडली, कारण फौजेला द्यायला पैसे नव्हते. दुसऱ्या वर्षी जानेवारीत पानिपत झालं. हे वाचून ठाऊक असतं, पण त्या छताखाली उभं राहिलं की मराठी माणसाच्या छातीत कालवाकालव होते. मला तिथून पटकन निघता आलं नाही. मयूर सिंहासन त्याआधीच, १७३९ मध्ये, नादिरशहाने नेलं होतं. पुढे महादजी शिंद्यांनी मुघल बादशहा शाह आलमला पाठीशी घातलं, आणि १८०३ मध्ये लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेला हरवून दिल्ली घेतली.

मग मागे वळून त्या कुरूप, सरळसोट बराकी बघा. १८५७ नंतर इंग्रजांनी राजवाड्याची अंगणं आणि ओवऱ्या पाडून त्या उभ्या केल्या. आज जी मोकळी हिरवळ छान वाटते, ती बरीचशी पाडकामाची जागा आहे. हे माहीत नसेल तर ‘किल्ला एवढा रिकामा कसा?’ हा प्रश्न घेऊनच माणूस घरी जातो. काही बराकींत आता संग्रहालयं आहेत. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले याच किल्ल्यात १९४५-४६ मध्ये चालले.

दुपारच्या नमाजाआधी किंवा नंतर जामा मशीद, १६५६ ला पूर्ण झालेली. पाय झाकणारे कपडे घाला, आणि उन्हाळ्यात जाड मोजे ठेवा. अंगणातला दगड तापतो.

मग चांदनी चौकातून किल्ल्याकडून फतेहपुरीकडे चालत जा, उलट नको. किल्ला पाठीशी ठेवून निघालं की मूळ शहराची आखणी कळते. दिवसा सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी बंद असतात, त्यामुळे चालणं सोपं झालं आहे. वाटेत गुरुद्वारा सीसगंज, गुरू तेगबहादुरांचं १६७५ चं हौतात्म्य इथलं. डोकं झाकायला रुमाल ठेवा. शेजारीच सुनहरी मशीद, जिथे बसून नादिरशहाने कत्तलीचा हुकूम दिल्याचं सांगतात.

पायांत ताकद असेल तर मेट्रोने कश्मीरी गेट. दरवाज्यावर १८५७ च्या तोफगोळ्यांच्या खुणा अजून आहेत. जवळचं सेंट जेम्स चर्च जेम्स स्किनरने बांधलं, ते १८३६ मध्ये पूर्ण झालं. हा स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत नोकरीला होता.

## ७. चौथा दिवस: रायसीना

सकाळी इंडिया गेट. ४२ मीटर उंच, वर तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावं. मागची छत्री १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रिकामी होती, कारण पाचव्या जॉर्जचा पुतळा काढून उत्तरेच्या कोरोनेशन पार्कमध्ये नेला होता. २०२२ मध्ये तिथे नेताजींचा पुतळा बसला. शेजारी २०१९ चं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. तिथे आवाज खाली.

आता ऑटो करू नका. कर्तव्य पथावरून पश्चिमेला रायसीना टेकडीवरच्या राष्ट्रपती भवनाकडे चालत जा आणि नजर घुमटावर ठेवा. लांबून अख्खी इमारत दिसते. विजय चौक जवळ येऊ लागतो तशी ती चढापलीकडे बुडत जाते, आणि चौकात पोचेपर्यंत फक्त घुमट उरतो. दोन सचिवालयांच्या मधला चढ तसा ठेवला गेला आणि त्यावरून लटयन्स आणि बेकर या दोन वास्तुविशारदांचं कायमचं बिनसलं. गाडीतून गेलात तर हे दिसतच नाही, म्हणून चालायला सांगतो आहे.

उजव्या हाताला १९२७ चं गोल संसद भवन, आताचं संविधान सदन, आणि त्याला लागून २०२३ चं नवं त्रिकोणी भवन.

इशारा: राष्ट्रपती भवन आतून बघायचं असेल तर ऑनलाइन नोंदणी बरीच आधी करावी लागते, आणि ओळखपत्र मूळच लागतं. फाटकावर जाऊन विनवण्या करून काही होत नाही.

शेवटचं ठिकाण गांधी स्मृती. लोककल्याण मार्ग स्टेशनवरून जाता येतं. संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून दुपारी तीनपर्यंत पोचा. ३० जानेवारी १९४८ ला बापू खोलीतून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले, ती पावलं सिमेंटमध्ये उठवून ठेवली आहेत. त्यांच्या बाजूने चाला, वर पाय देऊ नका.

## ८. दिवस कमी पडले तर

तीनच दिवस असतील तर तुघलकाबाद आणि कश्मीरी गेट गाळा. दोनच असतील तर पहिल्या दिवशी सकाळी कुतुब आणि दुपारी इसा खानसकट हुमायून, दुसऱ्या दिवशी सकाळी लाल किल्ला आणि दुपारी रायसीना. लोदी बागेला मुकाल, पण दोन कमानी, एक जुळी कबर आणि ते छत हातून जाणार नाही. एकच दिवस असेल तर फक्त कुतुब परिसर आणि बल्बनची कबर बघा, आणि बाकीची दिल्ली पुढच्या खेपेला ठेवा.